मनूच्या मोटारीच्या गाद्या

हिंगोली, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १८५९

आज आमच्या दारात मोटार उभी राहिली. गल्लीतली सगळी लेकरं भोवती गोळा झाली. मागच्या दारातून मनकर्णा उतरली, माझी धाकटी बहीण. अंजिरी लुगडं, पायात चपला, गळ्यात आईची पुतळ्यांची माळ. मी अंगण सारवत होते. हात शेणाचे, पदर खोचलेला, तशीच उभी राहिले.

"अक्का, वळखलं न्हाईस व्हय?"

"मोटारीतून उतरणारी माणसं मला कुठं वळखू येतात?" मी म्हणाले.

ती हसली. तिला टोचलं की नाही कोण जाणे. ती लहानपणापासून अशीच हसते.

गाडी तिच्या नवऱ्याची, तातेरावांची. बाळापूरकडं दोन गावांत त्यांची जमीन आहे. गाडी नवी नाही. हैदराबादच्या कुणा अंमलदाराची जुनी घेतली आणि पावसाळाभर गोठ्याशेजारी उभी केली. उंदरांनी गाद्यांत घरं केली. कातडं फाटलंय, काथ्या बाहेर आलाय, स्प्रिंगा वर डोकावून राहिल्यात. माझे मालक संतराम इथं पेठेत खोगिरं, तंबू, बैलांच्या झुली शिवतात. छावणीतल्या एका म्हाताऱ्या उस्तादाच्या हाताखाली शिकलेले. बारीक शिलाई माझी असते, पण पाटी त्यांच्या नावाची.

"सगळ्या गाद्या नव्यानं भरायच्यात. माघाच्या आत पाहिजेत," मनू म्हणाली. "नांदेडच्या कारागिराकडं देणार होते. मीच म्हणलं, माझ्या अक्काकडं द्या."

म्हणजे उपकार करायला आली.

मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी

सकाळी मालकांनी गाद्या उलथ्या करून पाहिल्या. एकीत उंदराची पिल्लं निघाली. मग म्हणाले, रेक्झिन हैदराबादहून आणावं लागंल, काथ्या, कापूस, तार, आणि आपली मजुरी, निजामाच्या पंचावन्न हाली रुपयांत सगळं बसतंय. पंचावन्नच सांगू.

मी बाहेर येऊन मनूला सांगितलं, "एकशेवीस पडतील."

मालक आतून खोकले. मी तिकडं पाहिलंच नाही.

मनूचं तोंड उतरलं. "ह्यांनी साठच्या वर जाऊ नको म्हणलंय, अक्का."

"मग ने नांदेडला."

ती फाटलेल्या गादीवरून बोट फिरवत बसली. मग म्हणाली, "वरचे साठ मी देते. पण काम होईस्तवर मी इथंच राहीन. सासूबाईंनी सांगितलंय, नजरेखाली करून घे."

नजरेखाली! म्हणजे आमी तिचं रेक्झिन चोरू. मी म्हणाले, "राहा की. आमची भाकर तुला चालली तर."

वसराम ड्रायव्हरनं गाद्या काढून दिल्या आणि स्वतः लाकडी खोक्यावर बसून रिकामी गाडी परत घेऊन गेला. त्याला तसं खोक्यावर हलताना पाहून मनू आणि माझी शालू एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. शालू माझ्याबरोबर अशी कधी हसत नाही.

रात्री जेवताना मालक म्हणाले, "सख्खी बहीण हाय तुझी." मी म्हणाले, "सख्खी हाय म्हणूनच."

मार्गशीर्ष शुद्ध अष्टमी

मालक रेक्झिन आणायला रेल्वेनं गेले. चार दिवस तरी लागतील. लाल रंगच आणा, असं मनूनं दोनदा बजावलं. सासूबाईंना लालच पाहिजे, शुभ असतो म्हणे. मला विचारलं असतं तर मी काळा सांगितला असता, धूळ दिसत नाही.

मनू दुपारी एकटीच पेठेत गेली. बांगड्या भरून येते म्हणाली. आली ती मोकळ्या हातानं. हिंगोलीच्या बांगड्या तिला कशाला पसंत पडतील?

येताच तिनं साठ रुपये माझ्या हातात ठेवले. एवढे रुपये माझ्या हातात एकदम कधी आले नव्हते. ती तर असे देऊन मोकळी झाली जसं कुणी चिमणीला दाणे टाकतं.

मार्गशीर्ष शुद्ध नवमी

आज पाहिलं, तिच्या गळ्यात माळ नाही. आली तेव्हा होती. आता काढून पेटीत ठेवली असणार. बहिणीच्या घरात सोनं उघडं ठेवायला भीती वाटली असेल, किंवा माझ्यासमोर घालायची लाज. दोन्हींतलं काहीही असलं तरी अपमान माझाच. मी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

मार्गशीर्ष शुद्ध दशमी

लेकरं निजलीत, मनू नळावर गेलीय, म्हणून लिहिते. हे मी कधी कुणाला बोलले नाही.

नऊ वर्षांपूर्वी तातेरावांच्या घरची माणसं सेनगावकडच्या आमच्या गावी आली ती मला बघायला. मला. मी सतरा वर्षांची, आईचं हिरवं लुगडं नेसून पाटावर बसले होते. त्यांनी विचारलेल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली. बाबांनी मला धूळपाटीवर अक्षरं शिकवलेली, ती पण लिहून दाखवली. तेवढ्यात मनू पाण्याचे तांबे घेऊन आली. चौदा वर्षांची. कुणी बोलावलं नव्हतं तिला. त्यांच्यातल्या म्हाताऱ्या आत्यानं विचारलं, "ही कोण?"

बस, तेवढंच. पंधरा दिवसांनी निरोप आला, धाकटी द्या.

बाबा नाही म्हणू शकले असते. म्हणाले नाहीत. मला घाईघाईनं संतराम बघितले आणि एकाच मांडवात दोघींची लग्नं लावली. आईनं पुतळ्यांची माळ मनूच्या गळ्यात घातली, मोठ्या घरात जाती म्हणून. माझ्या गळ्यात काळी पोत.

मालक वाईट नाहीत. हे मी त्यांच्याविषयी लिहून राहिले नाही. पण तांबे घेऊन ती काहून आली, हे मी नऊ वर्षं स्वतःला विचारते.

मार्गशीर्ष शुद्ध द्वादशी

मालक परतले. रेक्झिन चांगलं आहे, जाड, कुंकवासारखं लाल. अंगणात उलगडलं तर सगळं अंगण लाल झालं. मनू त्याच्याकडं बघत उभी राहिली आणि मग आत जाऊन भांडी घासायला बसली. मोठ्या घरची सून भांडी घासते. मी म्हणाले, ठेव, लोक मला नावं ठेवतील. ती म्हणाली, "घासू दे अक्का. तिथं मला कुणी हातच लावू देत न्हाई."

बघा. एवढंसुद्धा ती सांगितल्याशिवाय राहत नाही.

मार्गशीर्ष शुद्ध चतुर्दशी

गादीला कडेनं जी गोट लावायची ती वळवायला मी मनूला शिकवलं. तासाभरात जमली. मालक म्हणाले, "मेव्हणीबाईंचा हात मऊ हाय. रेषेसारखी गेली बघ." ती लाजली, म्हणाली, "दाजी, मला ठेवून घ्या कामाला. पगार नको, दोन भाकरी द्या."

मालक हसले. मी लग्न झाल्यापासून त्यांची खोगिरं शिवते. माझ्या रेषेला ते कधी काही बोलले नाहीत.

ती अंघोळीला गेल्यावर मी तिची शिलाई उसवली आणि पुन्हा घातली. तिची सरळ होती. मला माहीत आहे सरळ होती.

मार्गशीर्ष पौर्णिमा

दत्तजयंती. मनूनं माझ्या दगडूला मांडीवरून उतरू दिलं नाही. त्याला मऊ भात भरवला, नाक पुसलं, काजळ घातलं. मी म्हणाले, "औंढ्याला नागनाथाला नवस केला होतास ना? काय झालं?"

"आता नवस न्हाई करत, अक्का."

"काहून?"

"झालं तेवढं पुरं." मग थोड्या वेळानं तिनं विचारलं, "तुझ्या मागल्या खोलीत काय असतं?"

"कापूस. तंबूचे बांबू."

"झाडून घेतली तर माणूस राहील तिथं?"

"कोण राहणार?"

"कुणीबी." ती हसली. "मी."

मी म्हणाले, "हवेलीत जागा कमी पडून राहिली का? आमच्या खोलीत तुझी मोटार मावायची न्हाई."

ती अजून हसली. मग घागर घेऊन पाण्याला गेली. घरात पाणी भरलेलं होतं.

मार्गशीर्ष वद्य तृतीया

आज मालकांशी भांडण झालं. ते म्हणाले, "तुझ्या बहिणीला काहीतरी तकलीफ हाय. विचारून बघ एकदा."

"तिला कशाची तकलीफ? दहा माणसं हाताखाली हायत."

"मोठी गादी शिवताना तिनं विचारलं, मागं तिघं बसतील का. मी म्हणलं, बसतील की. तर डोळे पुसत उठून गेली."

"तुमी तिचे डोळे कशाला बघत होता?"

त्यांनी सुई ओवायला घेतली. मी बरंच बोलले. तिची बाजू घेता, घरात दोन दिवस गोरी बाई आली की माणूस बदलतो, असं काय काय. मनू ओसरीवर होती. तिनं ऐकलं असेल.

मार्गशीर्ष वद्य षष्ठी

गाद्या झाल्या. स्प्रिंगा तारेनं बांधल्या, वर काथ्या, वर कापूस, वर रेक्झिन. टेकायच्या गादीला मी बारा बुंदके, म्हणजे दोऱ्यानं आत ओढलेल्या गुंड्या, घेतले, एकसारखे, कमळासारखी घडी पडेल असे. कुणी सांगितलं नव्हतं. मोठ्या घरच्यांनी बसताना म्हणावं की असं काम नांदेडला झालं नसतं, म्हणून केलं.

मनूनं सगळे बुंदके बोटानं मोजले. म्हणाली, "किती जीव लावून केलंस गं."

मार्गशीर्ष वद्य सप्तमी

वसराम गाडी घेऊन आला. गाद्या बसवल्या. तातेरावांचे साठ रुपये त्यानं मालकांना दिले. गल्लीतल्या बायका बघायला आल्या, त्यातल्या एकीनं हात लावून पाहिला. मला फार बरं वाटलं.

मनू शालूला सोडेना. दगडू रडला. ती गाडीत चढली आणि पुन्हा उतरून माझ्याजवळ आली.

"अक्का, तुला एक सांगायचं होतं."

"सांग ना. गाडी चालू करून ठेवलीय त्यानं."

तिनं गाडीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "काही न्हाई. गाद्या लई चांगल्या झाल्या."

ती पुढं वसरामच्या शेजारी बसली. मागं एवढी नवी गादी रिकामी. मी म्हणाले, मागं बस की राणीसारखी. ती म्हणाली, "नको, डाग पडंल."

गाडी गेल्यावर घर एकदम सामसूम झालं. शालू जेवली नाही.

पौष शुद्ध त्रयोदशी, संक्रांत

मनूकडून तिळगूळ आला नाही. दरवर्षी गडी पाठवते. यंदा विसरली. एकशेवीस रुपये घेतल्याचा राग असणार. असू दे.

तिचे साठ मी मालकांना दिलेले नाहीत. धान्याच्या मडक्यात आहेत. रोज एकदा हात घालून बघते.

पौष वद्य पंचमी

आज ते साठ घेऊन हरिचंद सोनाराकडं गेले. ठरवलं होतं की गळ्यात काहीतरी घ्यायचं, पोरगी सात वर्षांची झाली, माझ्या गळ्यात अजून मणी आणि दोरा.

हरिचंद म्हणाला, "नवं घडवायचं तर घडणावळ पडंल. त्यापेक्षा एक जुनी चीज आलीय. मार्गशीर्षात एका मोठ्या घरच्या बाईनं विकली. मोडायचं जिवावर आलं, म्हणून ठेवली."

त्यानं फडकं उलगडलं. आईची माळ.

दुसरी असेल असं वाटलं, म्हणून हातात घेतली. कडेच्या पुतळीला माझ्या दातांची खूण आहे. मी लहान असताना आईच्या कडेवर बसून चावली होती, आई नेहमी सांगायची. खूण होती.

"कितीला घेतली?" मी विचारलं.

"त्या बाईला साठ पाहिजे होते. पासष्ट होत होते. साठच द्या म्हणाली, बाकीचे पाच घेतले न्हाईत. घाईत होती."

मी आणलेले रुपये पुन्हा मोजले.

म्हणजे बांगड्या भरायला गेली तेव्हा. माझ्यासाठी. मी मागितले म्हणून.

त्यानं अठ्ठ्याहत्तर सांगितले. मी साठ दिले आणि पायातल्या चांदीच्या तोरड्या उतरवून दिल्या. माळ पदराच्या गाठीत बांधून अनवाणी पायांनी घरी आले.

आता खरं लिहिते. वाटेत मला वाटलं, तातेरावांचं काहीतरी बुडालं असणार. हवेली पोकळ झाली असणार. आणि मला बरं वाटलं. गाठीत आईची माळ, आणि मला बरं वाटलं.

माघ शुद्ध पंचमी

सकाळी हॉर्न वाजला. मोटार दारात. पुढं झेंडूचे हार, दिव्यांना आंब्याचे डहाळे. मागं माझ्या लाल गादीवर तातेराव, जरीचा फेटा, कपाळाला कुंकू. शेजारी त्यांची आई. पुढं वसराम आणि त्याच्याजवळ मनू, मांडीवर हळदीकुंकवाचं ताट. मागून दोन बैलगाड्या, त्यात माणसं.

तातेराव मान बाहेर काढून म्हणाले, "वा, चतुराबाई! काय काम केलंय! म्हणलं, जाता जाता सांगावं."

मी विचारलं, "कुठं निघाली मंडळी? कुणाचं लगीन?"

ते मोठ्यानं हसले. "आमचंच!"

त्यांची आई म्हणाली, "औंढ्याकडची पोरगी हाय. वंश चालला पाहिजे ना, बाई. नऊ वर्षं वाट पाहिली."

मी मनूकडं पाहिलं. ती ताटाकडं बघत होती. एका हातानं कुंकवाची वाटी धरून ठेवली होती, सांडू नये म्हणून.

मी काय केलं? काहीच नाही. 'मनू' अशी हाकसुद्धा मारली नाही. गाडी गेली.

माघ शुद्ध षष्ठी

काल मालकांना विचारलं, तुमाला माहीत होतं का. ते म्हणाले, "माहीत नव्हतं. वाटलं होतं. तुला सांगाया आलो तर तू मलाच झापलंस."

मी सारखी ते दिवस आठवते. लाल रंग. माघाच्या आत. मागं तिघं बसतील का. नवस नाही करत. मागल्या खोलीत माणूस राहील का. एवढं सगळं ती माझ्यासमोर ठेवत होती आणि मी प्रत्येक वेळी तिला मोटारीचा टोमणा मारून परत पाठवत होते. सासूनं 'नजरेखाली करून घे' असं सांगितलंच नसणार. तिला माझ्याकडं राहायचं होतं. काम नांदेडला गेलं असतं तर राहता आलं नसतं. मी भाव सांगितला आणि तिनं दिला. माझ्या घरातल्या सोळा-सतरा दिवसांचे साठ रुपये.

आणि ते बारा बुंदके मी कुणासाठी शिवले?

मालक म्हणतात, जाऊन ये. कसं जाऊ? नऊ वर्षांत मी तिच्या घरी एकदाही गेले नाही. ती दर दिवाळीला बोलवायची. मी कधी लेकराचा ताप सांगायची, कधी काम.

माघ शुद्ध द्वादशी

मागली खोली झाडली. कापूस ओसरीवर हलवला. भिंतींना पांढरी माती लावली. मालकांनी न विचारता खाटेला नवी सुतळी ओवली.

माघ वद्य तृतीया

काल मनूकडं जाऊन आले. सगळं लिहून ठेवते.

नांदेडच्या सर्व्हिस मोटारीनं बाळापूरला उतरले. तिथून एक गाडीवान त्या गावी सरकी घेऊन निघाला होता, त्यानं बसवून घेतलं. नऊ वर्षं मी ती हवेली मनात पाहिली होती. तेवढी मोठी नाही. दारात मोटार उभी, त्यावर कोंबडी.

तातेराव शेतावर गेले होते, सासू देवळात. मनू आतल्या अंगणात होती. तिच्यापुढं एक पोरगी बसलेली, पंधराची असेल, सावळी, बारीक, हातात अजून हिरवा चुडा. मनू तिचे केस विंचरत होती. मला बघून पोरगी उठून मनूच्या मागं लपली.

"ही माझी अक्का," मनू तिला म्हणाली. "चावत न्हाई. बस."

मला हसू यायला पाहिजे होतं. आलं नाही.

पोरीचं नाव सत्यभामा. तिला चहा करायला आत पाठवून मनू माझ्याजवळ बसली. मी पदराची गाठ सोडली आणि माळ तिच्या हातात दिली. तिनं एकदम ओळखली नाही. मग ओळखली. "कुठं सापडली?"

"हरिचंदकडं. मला माफ कर, मनू. मी लुबाडलं तुला."

"मला काय, मी देऊन मोकळी झाले होते." तिनं माळ माझ्या हातात परत ठेवली आणि माझी मूठ मिटली. "शालूला ठेव. इथं राहिली तर दुसऱ्या कुणाच्या गळ्यात जाईल."

मग मी ज्यासाठी आले होते ते बोलले. "घरी चल. मागली खोली झाडलीय. खाट हाय. तुझे दाजीच म्हणाले, आणायला जा. कायमची चल."

आत भांडं पडल्याचा आवाज आला आणि तिनं तिकडं मान वळवली.

"तवा म्हणाली असतीस ना, अक्का," ती म्हणाली, "तर मी आले असते. कापसात निजले असते. सांगायचंच होतं मला, की लगीन ठरलंय, मला इथं ठेव. रोज सकाळी म्हणायची, आज सांगीन." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "आता कशी येऊ? ह्या पोरीला कुणी काही सांगितलंच नव्हतं. घरात आधीची बायको हाय हेसुद्धा लग्नाच्या दिवशी कळलं तिला. पहिल्या रात्री रडून रडून ताप आला. माझ्याच खोलीत निजते. ह्यांना मी सांगितलं, वर्षभर तिच्या वाट्याला जायचं न्हाई."

"आणि ऐकलं त्यांनी?"

"न ऐकून करतील काय? मी म्हणलं, न्हाईतर मी हिला घेऊन औंढ्याच्या देवळात जाऊन बसते, सगळ्या तालुक्यासमोर. नऊ वर्षांत पहिल्यांदा तोंड उघडलं मी." ती थोडी हसली. "सासूबाई बोलत न्हाईत माझ्याशी. न्हाई तर न्हाई."

पोरगी चहा घेऊन आली. बशीत अर्धा सांडलेला. मनूनं पदरानं तिचा भाजलेला अंगठा पुसला, त्यावर फुंकर घातली आणि तिला पुन्हा पुढं बसवलं. अर्धी वेणी राहिली होती.

मी चहा प्याले आणि बघत राहिले. मनू तिच्या केसांतला गुंता दुखू न देता सोडवत होती, वरून धरून, खालून हळूहळू. मधेच वाकून तिच्या कानात काहीतरी बोलली आणि पोरगी खुदकन हसली. बहुतेक माझ्याविषयीच काही. मनू किती बदलली, की ती आधीपासून अशीच होती आणि मी कधी पाहिलं नाही, मला सांगता येत नाही.

निघताना मनू वेशीपर्यंत येते म्हणाली. निम्म्या वाटेवर मागून पोरीनं हाक मारली. "बाई, मी एकटी हाय घरात!" मनू माझा हात सोडून वळली. "जा तू, अक्का. गाडीवान थांबलाय. पुढल्या महिन्यात लेकरांना घेऊन ये," म्हणाली आणि भराभरा परत गेली.

गाडीवानानं विचारलं, "बहीण बरी हाय ना?"

"बरी हाय," मी म्हणाले. आणि ते खरं होतं.

बाळापूरपर्यंत मी सरकीच्या पोत्यावर बसून रडले. मनूची कीव आली म्हणून नव्हे. ते इथं तरी खोटं लिहीत नाही. नऊ वर्षं मला मनूच्या जागी बसायचं होतं. काल मला त्या पोरीच्या जागी बसायचं होतं, मनूपुढं, पाठमोरं, केस सोडून.